ओलाव्याची उलटतपासणी

ज्या घरात गेल्या अकरा वर्षांत साधी विडीही पेटलेली नाही, त्या घराच्या माजघरातील कोनाड्यात परदेशी सिगारांची एक लाकडी पेटी यंदाच्या दिवाळीपासून एखाद्या नाजूक प्रकृतीच्या पाहुण्याप्रमाणे मुक्कामाला आहे. आणि त्या पाहुण्याला किती ओल मानवते, ती कोणी ठरवावी व कशाने मोजावी, या प्रश्नावर आमच्या शेजारच्या मामा-भाच्यांत जो वाद एका संध्याकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी उन्हे ओसरीवर येईतो चालला, त्याचा मी एकटाच श्रोता असल्यामुळे त्याची कैफियत लिहून ठेवणे मला भाग आहे.

स्थळ तामसी. आदिलाबादेच्या या टापूत जमीन काळी आणि कापसाची, उरलेले रान. उत्तरेला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे महाराष्ट्र. १९५६ साली जुन्या हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आम्ही अलीकडे राहिलो. तेव्हापासून तहसिलीतला अर्ज तेलुगूत, बाजारातला सौदा तीन भाषांत आणि घरातले भांडण मात्र मराठीत, अशी येथली वहिवाट पडली आहे. मामांचे वय अठ्ठ्याहत्तर. तेंदूपानांचा व्यापार १९७१ च्या कायद्याने सरकारच्या हाती गेला, त्याच्या आधीचे दोन-तीन हंगाम एका गुत्तेदाराच्या फडावर आणि नंतरही बरीच वर्षे त्यांनी मुन्शीगिरी केली. पुढे छातीच्या विकारामुळे विडी सुटली, फडही सुटला, आणि आता आठ एकर कापूस व अखंड बोलणे एवढेच त्यांचे व्यवसाय उरले आहेत. भाचा हैदराबादेस औषधांच्या एका कारखान्यात असून, गोळ्या ज्या बंद खोल्यांत ठेवून त्यांचा टिकाऊपणा तपासतात त्या खोल्यांतील उष्णता व आर्द्रता यांची नोंदवही सांभाळणे हेच त्याचे काम आहे. एका परदेशी सहकाऱ्याने निरोपाची भेट म्हणून ही पेटी त्याला दिली. त्याला स्वतःला धुराचे वावडे. तेव्हा ज्याने उभी हयात पानांची पारख केली अशा माणसाला ती नजर करावी, या सद्हेतूने तो ती घेऊन आला.

झाकण उघडताच तांबूस लाकडाचा गोडसर वास ओसरीभर झाला. आत वीस सिगार सारख्या अंगलटीचे, एका रांगेत निजलेले. झाकणाच्या आतल्या अंगाला पाणी शोषून धरणाऱ्या स्पंजाची एक जाळीदार डबी आणि तिच्याशेजारी रुपयाहून थोडे मोठे, आकडे दाखवणारे एक यंत्र.

“सत्तर आहे,” भाचा समाधानाने म्हणाला. “इतकेच पाहिजे.”

“शंभरापैकी सत्तर? मग ते शंभर कोणते?” मामांनी विचारले.

चाळीस वर्षे शाळेत शिकवूनही इतका नेमका प्रश्न माझ्या वाट्याला फारसा आला नाही, हे येथे नमूद करतो.

“मामा, हवा म्हणजे एक घागर समजा,” भाचा म्हणाला. “उष्ण हवेची घागर मोठी, थंड हवेची लहान. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत वाफेच्या रूपाने फार तर ३० ग्रॅम पाणी मावते, २० अंशांच्या हवेत १७, आणि १५ अंशांच्या हवेत जेमतेम १३. आज दुपारी आपल्या अंगणातल्या हवेत १२ ग्रॅम पाणी होते असे धरा. ३० अंशांच्या घागरीत १२ म्हणजे चाळीस टक्के. तीच हवा रात्री २० अंशांवर उतरली की त्याच १२ ग्रॅमचे सत्तर टक्के होतात, आणि पहाटे १५ वर गेली की नव्वदीच्या पुढे. पाण्याचा एक थेंब वाढलेला नसतो. घागर लहान झालेली असते.”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला दोन दिवसांपूर्वी वेचलेल्या कापसाचा कमरेएवढा ढीग होता, त्याच्याकडे त्यांची नजर गेली. “म्हणजे पहाटेचा कापूस हाताला गार आणि जड लागतो तो यामुळे. दव वरून पडत नाही.”

“पडत नाही. हवेला झेपेनासे झालेले पाणी जागच्या जागी बाहेर येते.”

“हे तू दहावीत असताना सांगितले असतेस तर तुला आणखी एक सदरा शिवला असता,” मामा म्हणाले, आणि मग वादाचे पहिले कलम पुढे आले. “पण सत्तरच का? साठ का नको, ऐंशी का नको?”

भाच्याने त्याचा तपशील दिला. हवा पासष्टाच्या खाली गेली की वरचे आवरणपान तडकू लागते, पानातील तेल उडून जाते आणि सिगार चरचरत तापट जळतो. पंचाहत्तराच्या वर गेली की बुरशी धरते, आणि त्यात उकाड्याची भर पडली तर तंबाखूत आधीच घातलेली किड्यांची अंडी फुटून सिगाराला सुईने टोचल्यासारखी भोके पडतात. म्हणून उष्णता १८ ते २१ अंश असावी. हे ऐकून मामांनी छपराकडे पाहिले; कारण वैशाखात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा माणसांनाही २१ अंश मिळत नाहीत. पेटीचे लाकूड ज्याला बाहेर स्पॅनिश सीडर म्हणतात त्याचे असून ते झाड स्पेनचेही नव्हे व देवदारही नव्हे, अमेरिका खंडातल्या उष्ण मुलखातले आहे, आपल्या कडुनिंबाच्या कुळातले, आणि आपल्याकडचा तून हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. तुनाच्या लाकडाच्याही चिरुटांच्या पेट्या पूर्वी हिंदुस्थानात होत असत, ही माहितीही त्याने पुरवली. आमच्याकडे सागवान रगड असता परक्या लाकडाचे कौतुक कशाला, असे मामांनी विचारले. त्यावर, सागाच्या अंगी तेल असल्यामुळे तो पाण्याशी फटकून वागतो आणि पेटीचे लाकूड तर ओल पिऊन घेणारे व अडीअडचणीला परत देणारे हवे, असे उत्तर आले. नवी पेटी आणली की आधी आठ-पंधरा दिवस लाकडालाच पाणी पाजावे लागते. नाहीतर ते सिगारांची ओल ओढून घेते. उधारीवर आलेल्या सावकारासारखे ते लाकूड, असे मामा म्हणाले. उपमा बरोबर नव्हती, पण मी बोललो नाही.

“एवढा खटाटोप!” मामा म्हणाले. “ही पेटी माठाच्या तिवईखाली ठेव, वर ओले गोणपाट टाक, आणि चार दिवसांनी चिरूट हातात घेऊन बघ. विड्या वळणाऱ्या बायका रात्री पाने भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि सकाळी कातरायला घेतात. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी हे घड्याळ मी पाहिलेले नाही.”

“माठातले पाणी नको. त्यात क्षार आहेत. स्पंजाची छिद्रे आठ महिन्यांत बुजतील. शुद्ध केलेले पाणी लागते.”

“शुद्ध म्हणजे?”

“डिस्टिल्ड. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतात ते.”

“बॅटरीचे पाणी!” मामांना हे मनापासून आवडले. ते तर घरातच होते. गोठ्याच्या फळीवर त्याची अर्धी बाटली पडली होती, तिच्या बुडाशी कोळ्याने जाळे विणले होते. ती आली, स्पंजाला पाणी मिळाले आणि पाहुणचाराचा तेवढा भाग मिटला.

पण माठ व गोणपाट यांचा अवमान मामांच्या मनातून गेला नव्हता. त्यांनी फडाची गोष्ट काढली. ती मी पूर्वी अनेकदा ऐकली होती. तरी या वेळी तिच्यातले पाणी मला पहिल्यांदाच दिसले.

तेंदूचे पान उन्हाळ्याच्या तोंडाशी, कोवळेपणा जाऊन चामडीपणा यायच्या आत तोडावे लागते. गोंड, कोलाम आणि इतर बायामाणसे पहाटे रानात जातात, दुपारी घरी बसून पन्नास-पन्नास पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फडावर आणतात. तेथे ते पुडे मोकळ्या जागेवर ओळीने उन्हात मांडायचे, तीन-चार दिवसांनी पालथे करायचे, आणि आठवड्याभरात पान खडखडीत वाळले की मग खरी परीक्षा. असे वाळलेले पान पोत्यात भरू गेले तर त्याचा चुरा होतो; म्हणून भराईच्या आधी त्याच्यावर पाणी मारतात, झाकून ठेवतात, आणि पान नरम आले की हजार पुड्यांचा बोद दाबून भरतात. पाणी कमी पडले तर पान फुटते. जास्त झाले तर दाबलेला बोद आतून तापतो, पाने काळी पडतात, आणि पावसाळ्यात गोदामाचे दार उघडणाऱ्याला बुरशीचा वास आधी भेटतो, माल नंतर.

“आणि किती पाणी मारायचे हे कोण सांगणार?” मामांनी आपला उजवा अंगठा पुढे केला. “हा. पुड्यातले मधले पान काढायचे, वरचे नाही. वरचे पान खोटे बोलते. मुठीत घेऊन कानाशी धरायचे आणि हळूच दाबायचे. कुरकुरले तर पाणी कमी. काही न बोलता उलगडले तर बरोबर. आणि मूठ उघडली तरी घडी धरूनच बसले तर समजावे की झाला घात. तुझे यंत्र हवेची खबर देते, पानाची नाही. पान काय म्हणते ते पानालाच विचारले पाहिजे. एकदा करपलेल्या पानाला तू वाटेल तितके पाणी मार, ते ओले होईल, नरम होणार नाही. तुझ्या घड्याळात मात्र सत्तर दिसेल.”

या बोलण्यात तथ्य होते, आणि भाच्याने ते उमदेपणाने मान्य केले. वाळताना व भिजताना वस्तूची वाट एक नसते, एकाच हवेत वाळत आलेला कापूस हा भिजत आलेल्या कापसापेक्षा थोडे अधिक पाणी धरून असतो, हे शास्त्रालाही ठाऊक आहे, असे तो म्हणाला. पण लगेच त्याने जो मुद्दा काढला, तो मला वाटते, तो हैदराबादेहूनच मनात घेऊन आला असावा.

“अंगठ्याला कळते, हे कबूल. पण मामा, तो अंगठा कोणाचा होता?”

“माझा.”

“तुमचा, आणि तुमचा पगार गुत्तेदार देत होता. फडावर आलेल्या पुड्यांपैकी तुम्ही काही नापास करत होता. पान वाळके आहे, लहान आहे, किडके आहे. ज्या बाईने पहाटे तीन वाजता उठून ते आणले, तिला तुमच्या अंगठ्याविरुद्ध अपील कोठे होते? ती पुन्हा मोजा म्हणाली असती तर तुम्ही पुन्हा तोच अंगठा पुढे केला असता. आकडा मुका असेल, पण तो दोघांनाही दिसतो. अंगठ्याला जे कळते ते अंगठ्यातच राहते.”

ओसरीवर कोणी काही बोलले नाही. मामांनी अंगठा मिटवून मुठीत घेतला. मी त्यांना पन्नास वर्षे ओळखतो; त्यांनी कोणाला लुबाडले असे मी ऐकलेले नाही, पण शंभर पुड्यांमागे चार-पाच पुडे वर घेण्याची फडावरची जुनी चाल मी ऐकून आहे, आणि ती चाल त्यांनी एकट्याने मोडली असेही मी ऐकलेले नाही.

“नापास केलेले पुडे,” ते अखेर म्हणाले, “तेथेच पडून राहत असत. आणि संध्याकाळी सगळे गेले की तेही वाळत घातले जात. हे मी घालत नव्हतो. पण मला दिसत होते.”

एवढे बोलून त्यांनी विषय संपवला असे मला वाटले. पण मामा माघार घेताना शत्रूचा एखादा बुरूज पाडून मग घेतात.

“बरे, माझ्या अंगठ्याचा धनी कोण हे तू विचारलेस. आता तुझ्या यंत्राचा जामीन कोण ते सांग. ते सत्तर म्हणते. कशावरून सत्तर? त्याला कोणी विचारले आहे?”

भाचा हसला, आणि त्याने स्वयंपाकघरातून मीठ मागवले.

हा प्रयोग इतका सोपा आहे की तो शाळेत शिकवला न गेल्याची मला लाज वाटली. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचे, त्यावर इतकेच थेंब टाकायचे की मिठाचा ओला चिखल व्हावा पण मीठ विरघळून जाऊ नये. ते झाकण आणि ते यंत्र दोन्ही एका घट्ट तोंडाच्या बरणीत शेजारी ठेवून रात्रभर विसरून जायचे. बरणीतली कोंडलेली हवा मिठाच्या चिखलाशी सलोखा करते, आणि तो सलोखा पंचाहत्तर टक्क्यांवर ठरलेला आहे. २० अंश असोत की ३०, फरक पडला तर अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या जातीचे क्षार घेतले तर आकडा दुसरा. मॅग्नेशियम क्लोराइडचा तेहेतीस, पोटॅशियम क्लोराइडचा पंच्याऐंशीच्या आसपास. पण साध्या मिठाचा पंचाहत्तर, हे सृष्टीचे वजनमाप आहे, त्याला कोणाचा शिक्का लागत नाही.

“थांब,” मामा म्हणाले. “पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, ते?”

“तेच. हवा पंचाहत्तराच्या वर गेली की मीठ तिच्यातले पाणी ओढून घेऊन विरघळू लागते. तुमच्या खडेमिठात मॅग्नेशियमचा अंश असतो म्हणून ते आधीच रडते. दळलेले शुद्ध मीठ उशिरा.”

“तुझी मामी मिठाची बरणी बघून पापड वाळत घालायचे की नाही ते ठरवायची,” मामा म्हणाले. आणि मामींना जाऊन सहा वर्षे झाली असल्यामुळे त्या वाक्यानंतर बरणी बंद करण्याचे काम भाच्याने न बोलता केले. पेटीतून यंत्र निघाले, बरणीत गेले, आणि बरणी देवापुढच्या समईशेजारी ठेवण्यात आली.

साक्षीदार असा कोठडीत जाऊन बसल्यावर दुसरे काही करण्यासारखे नव्हते, म्हणून भाच्याने जुन्या यंत्रांची हकिकत सांगितली. १७८३ साली जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने माणसाच्या केसावर ओलावा मोजण्याचे यंत्र सिद्ध केले. कोरड्या हवेतून पूर्ण ओल्या हवेत गेल्यावर केस शंभरात दोन-अडीच भागांनी लांबतो, आणि तेवढ्या लांबण्यावर काटा फिरतो. ओल ही चैनीच्या वस्तूंचीच काळजी नव्हे, हेही त्याने सांगितले. मुंबईच्या गिरण्यांना समुद्राची दमट हवा आयती मिळाली. पण जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली तेव्हा तेथल्या कोरड्या हवेत सूत तुटू नये म्हणून हवेत पाणी खेळवणारी यंत्रे आणावी लागली. “सुताची मजबुती तपासायची खोली आपल्या देशात २७ अंश आणि पासष्ट टक्के ठेवतात. त्या हवेत कापसाच्या अंगी साधारण आठ टक्के पाणी राहते.”

आठ हा आकडा ऐकताच मामा ताठ बसले. या मुलखात कापूस पिकवणाऱ्या प्रत्येकाला तो आकडा ठाऊक आहे. आधारभूत भावाने कापूस द्यायचा तर त्यात ओल आठ टक्के असावी. आठाच्या वर बारापर्यंत दर टक्क्यामागे भावात एक टक्का कपात. आणि बाराच्या पुढे माल परत.

“त्या आठावरच बोलू,” मामा म्हणाले. “गुरुजी, तुम्ही हिशेब करा. मला हा नियम नेहमी गळफासासारखा वाटतो, पण का ते सांगता येत नाही.”

मी कागद घेतला. २०२५–२६ चा लांब धाग्याचा आधारभूत भाव क्विंटलला ८,११० रुपये. एका शेतकऱ्याने बारा टक्के ओलीचा एक क्विंटल कापूस तसाच नेला तर चार टक्के कपात होऊन त्याच्या हाती ७,७८५ रुपये ६० पैसे पडतील. दुसऱ्याने तोच क्विंटल दोन दिवस वाळवून आठ टक्क्यांवर आणला. त्यात कोरडा माल ८८ किलो. तो ९२ टक्के धरायचा तर एकूण वजन भरते ९५ किलो ६५० ग्रॅम. त्याला पूर्ण भाव लावला तर होतात सुमारे ७,७५७ रुपये. म्हणजे ज्याने वाळवण्याचे कष्ट घेतले त्याला अठ्ठावीस रुपये कमीच मिळाले.

मामांनी कागद दोनदा वाचला. “म्हणजे आठ ते बाराच्या मध्ये नियम न्यायाचा आहे. वाळवा की ओला न्या, सारखेच.”

“जवळजवळ सारखेच.”

“मग गळफास बाराशी आहे.” आणि त्यांनी मागल्या सालची आपली फिर्याद मांडली, ती कोणत्या जिनिंगच्या अंगणात घडली ते नाव येथे घेण्याचे कारण नाही. मार्गशीर्षातली सकाळ, ट्रॅक्टर रांगेत रात्रभर उभा, ढिगात दोन सुयांचे यंत्र खुपसले गेले, आकडा आला चौदा, आणि ट्रॅक्टर परत. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच कापूस, तोच ट्रॅक्टर, दुसरे अंगण, आकडा अकरा. “माझ्या कापसाने एका रात्रीत तीन टक्के तप केले काय? बारा आणि तेरा यांच्यामध्ये त्या माणसाच्या मनगटाचा जोर होता. सुया हलक्या टोचल्या तर एक, दाबून धरल्या तर दुसरा. तू म्हणालास आकडा दोघांनाही दिसतो. दिसला. मला चौदा अगदी स्पष्ट दिसला.”

भाच्याने यंत्राची बाजू सोडली नाही. त्या सुयांमधून विजेचा बारीक प्रवाह जातो, ओल जास्त असेल तर तो सहज जातो, आणि कापूस जितका दाबला जाईल तितका मार्ग सुकर होतो, हे खरे. म्हणूनच किती दाब द्यायचा, ढिगाच्या कोणत्या थरातून किती नमुने घ्यायचे, हे ठरवून दिलेले असावे लागते. आणि रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा वरचा थर पहाटे खरोखरच चौदाचा असेल. घागर लहान झाली होती ना! दुपारी तोच थर अकराचा झाला, यात कोणी लबाडी केलीच असेल असे नाही. दोष असेल तर तो वेळेचा आणि वरच्या थराला प्रमाण मानणाऱ्याचा.

“वरचे पान खोटे बोलते,” मामा पुटपुटले.

“ते तुम्हीच मघाशी सांगितलेत.”

“पण मला त्याने विचारले का, की मधला थर काढू का? त्याच्याजवळ आकडा होता म्हणून त्याने विचारले नाही. माझ्याजवळ फडावर आकडा नव्हता. म्हणून मला चार पाने तरी काढून बघावी लागत होती.”

यावर भाचा निरुत्तर झाला असे मी म्हणणार नाही. तो म्हणाला की, उपाय यंत्र टाकून देण्यात नसून यंत्राचीही बरणी करण्यात आहे; खरेदीच्या काट्याशेजारी ओल ठरलेला एक नमुना सर्वांसमक्ष ठेवावा आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर सुया टोचून दाखवाव्यात. मामा म्हणाले, दाखवील कोण? मग दोघेही दमले. रात्रीचे अकरा वाजले होते, आणि मी घरी गेलो.

सकाळी मी पोहोचलो तेव्हा बरणी ओसरीवर आली होती आणि तिच्याकडे पाहत भाचा अपराध्यासारखा उभा होता. मिठाच्या शेजारी बसून रात्रभर जबानी दिल्यावर यंत्र म्हणत होते: एक्याऐंशी.

“सहा पुढे आहे,” भाचा म्हणाला. “कारखान्यात असे यंत्र आले असते तर मी दारातूनच परत केले असते. पेटीबरोबर फुकट आले म्हणून मी विश्वास ठेवला.”

“म्हणजे तुझे सत्तर होते चौसष्ट.”

“चौसष्ट.”

मामांनी विजयाची आरोळी ठोकली नाही, आणि हे त्यांच्या स्वभावाला इतके सोडून होते की मी त्यांच्याकडे निरखून पाहिले. ते यंत्र हातात घेऊन कापसाच्या ढिगाकडे चालले होते. ढिगापाशी बसून त्यांनी बाही कोपरापर्यंत सारली, हात आत घातला, खोल, खांदा कापसाला टेकेपर्यंत, आणि रिकामा हात बाहेर काढून वरचे भोक कापसाने बुजवले.

“मामा, ते हवेचे यंत्र आहे, कापसाचे नाही!”

“ढिगाच्या पोटात काय आहे? कापूस, आणि कापसात कोंडलेली हवा. मिठाने बरणीतल्या हवेला आपल्यासारखे करून घेतले. कापूस काय मिठाहून अडाणी आहे?”

भाच्याने तोंड उघडले आणि मिटले. चहा आला, तो प्यालो; शेजारच्या गोठ्यात धार निघाली; उन्हाची तिरीप उंबरठ्यावरून ओसरीच्या दुसऱ्या फरशीवर सरकली. मग मामांनी पुन्हा हात घालून यंत्र काढले आणि मला वाचायला दिले, कारण त्यांचा चष्मा आत होता.

अडुसष्ट.

“सहा वजा,” मामा म्हणाले.

“बासष्ट,” भाचा म्हणाला, आणि क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर मला माझ्या वर्गातला जुना मुलगा दिसला. “बासष्टाला कापूस बाराच्या खास आत असतो. चांगलाच आत. मामा, हे बरोबर आहे.”

“बरोबर आहे हे मला माहीत आहे, मी काल संध्याकाळीच सरकी दाताखाली फोडून बघितली होती, कट्कन फुटली. पण आता ते तुलाही दिसले. ट्रॅक्टरवाल्याला सांग, दुपारी दोनला निघू. पहाटे रांगेत उभे राहायचे नाही.”

भाचा फोन लावायला उठला, दारात थांबून म्हणाला, “आणि पेटी? यंत्र तर तुम्ही ठेवून घेतलेत.”

मामा माजघरात गेले. कोनाड्यातून पेटी खाली घेऊन त्यांनी झाकण उघडले, रांगेतला मधला सिगार दोन बोटांनी अलगद उचलला, कानाशी नेला, आणि अंगठ्याने हळूच दाबला.

“कुरकुरतो,” ते आतून म्हणाले. “बॅटरीचे पाणी उरले आहे का बघ.”